फील्डवर निघालेल्या जवानाच्या पिशवीत घरातलं काय जावं, काय घरीच राहावं

रजा संपवून निघणाऱ्या जवानाची बॅग भरायला बसलं की घरातला प्रत्येक जण काही ना काही आणून ठेवतो. त्यातलं बरंच सामान युनिटच्या ट्रंकेतच पडून राहतं. पोस्टवर (सीमेवरच्या चौकीवर) चढताना पाठीवर हत्यार, दारूगोळा, पाणी, गरम कपडे यांचं वजन आधीच ठरलेलं असतं. घरच्या वस्तूला उरतात ते एखाद-दोन किलो. बूट, स्लीपिंग बॅग, बर्फातले कपडे सरकारी मिळतात, त्यांची दुसरी प्रत विकत घेण्यात पैसे घालवू नका. घरातून द्यायच्या त्या छोट्या, संपणाऱ्या, झिजणाऱ्या वस्तू.

प्रत्येक वस्तू हातात घेऊन तीनच गोष्टी बघा: भिजली तर काय होईल, गोठली तर काय होईल, वजन किती. लडाख, राजस्थानची सीमा आणि ईशान्येकडचं जंगल या तिन्ही ठिकाणी उत्तरं वेगळी येतात. म्हणून पुढची तुलना ठिकाणासह वाचावी.

चादर, टॉवेल की पंचा

सोलापूरच्या घरातून चादर न देता मुलाला पाठवायचं हे मनाला पटत नाही, आणि चादर खरोखरच चांगली असते. भौगोलिक मानांकन मिळालेली ही जाड सुती वीण बराकीत, तळावर, राजस्थानातल्या गार रात्री अंगावर उत्तम. दमट खोलीत सिंथेटिक ब्लँकेटखाली घाम येतो, चादरीखाली येत नाही. धुवायला सोपी, वर्षानुवर्षं टिकते.

पण उंचावर ती नको. सुती धागा ओल शोषतो आणि धरून ठेवतो; ओला सुती कपडा अंगाची ऊब ओढून घेतो. शून्याखाली तो वाळत नाही, कडक होतो. शिवाय जाड चादरीचं वजन सहज किलोच्या वर जातं. तिथे हलकी फ्लीसची चादर बरी: ओली झाली तरी पिळून झटकली की लवकर सुकते, आणि स्लीपिंग बॅगेच्या आत अस्तरासारखी वापरता येते. फ्लीसचा एक दोष मात्र लक्षात ठेवा, ठिणगी पडली की ती वितळते. शेकोटी आणि बुखारी (खोली गरम करायची शेगडी) यांपासून लांब.

टॉवेलचंही तेच. आपला टर्किश टॉवेल पाणी भरपूर टिपतो म्हणूनच सुकायला वेळ लावतो, आणि ईशान्येकडच्या पावसात दोन दिवसांत कुबट वास मारतो. तिथे पातळ पंचा जिंकतो. अंग पुसायला, डोक्याला बांधायला, गढूळ पाणी गाळायला, दुखरा हात गळ्यात अडकवायला एकच कापड पुरतं. दोन पंचे द्या, गडद रंगाचे. पांढरा, लाल, चकाकता रंग दुरून दिसतो. पोस्टवर बाहेर वाळत घालायच्या कुठल्याही वस्तूला हा नियम लावा.

खाणं: कडक भाकरी, दशमी, धपाटे

इथे सोलापूरचा हात कोणी धरू शकत नाही. घरची पोळी दोन दिवसांत वातड होते. धपाटे दोन-तीन दिवस चांगले राहतात. दुधात भिजवलेली दशमी साधारण तेवढीच टिकते. हे तिन्ही झेलम किंवा कर्नाटक एक्स्प्रेसच्या प्रवासापुरते ठीक, पुढे नाही. कडक भाकरीत पाणीच उरलेलं नसतं, म्हणून नीट बांधली तर ती महिनाभर आरामात टिकते. आमटीत कुस्करली की पोटभर जेवण, नुसती चटणीशी खाल्ली तरी चालते.

ती बिघडते दोन कारणांनी. एक, पूर्ण गार व्हायच्या आत डब्यात भरली तर आतल्या वाफेने मऊ पडते आणि बुरशी धरते. तव्यावरून उतरवल्यावर पंख्याखाली किमान तीन-चार तास उघडी ठेवा. दोन, प्रवासात तिचा भुगा होतो. त्यासाठी भाकरीच्या मापाचे पुठ्ठ्याचे गोल कापा, खाली-वर एकेक आणि मध्ये दर पाच भाकऱ्यांना एक. अशा वीस भाकऱ्या पिशवीत घालून तोंड चिकटवा, मग चपट्या डब्यात. पावसाळी भागात उघडल्यावर ती सादळेलच. कोरड्या तव्यावर किंवा मेसच्या शेगडीजवळ दोन मिनिटं धरली की पुन्हा कडक होते.

सोबत शेंगा चटणी की लोणचं? चटणी, आणि फार फरकाने. लोणच्यात तेल आणि बरणी यांचंच वजन जास्त, आणि उंचावर ते गळतं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. इथे घट्ट लावलेलं झाकण तिथे आतून दाबलं जातं, तेल फटीतून बाहेर येतं. हवाबंद पाकिटंसुद्धा फुगतात. ती खराब झालेली नसतात, पण फुटू शकतात. म्हणून पाकीट चिकटवताना आतली हवा हाताने दाबून काढा.

चटणीत कच्चा लसूण घातला तर त्याचा ओलावा तिला लवकर बिघडवतो. पाठवायची असेल तर लसूण कोरडा होईपर्यंत भाजून घ्या, शेंगदाणे आणि मिरचीही खमंग भाजून पूर्ण गार करून मगच कुटा. उखळात कुटलेल्या चटणीला तेल सुटतं. ते चवीला छान, पण हवा लागली की तेच तेल खवट होतं. एक किलोच्या बरणीऐवजी शंभर-शंभर ग्रॅमची दहा पाकिटं करा. एक उघडलं की चौघांत संपतं, बाकीची बंद राहतात.

कच्ची डाळ, कडधान्य पाठवू नका. लेहच्या उंचीवर पाणी साधारण 88 अंशांनाच उकळतं आणि प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजत नाही. शिजवत बसलं तर इंधन जातं. मेटकूट, भाजलेले पोहे, गूळ-शेंगदाणे यांना शिजवणंच लागत नाही. पोहे तर थंड पाण्यातही भिजतात.

पाणी: तुरटी, गोळी, उकळणं

या बाबतीत घरोघरी एक गैरसमज आहे आणि तो धोक्याचा आहे. पाणी साठवून वापरायची सवय असलेल्या सोलापूरकराला तुरटी ओळखीची. ती गढूळपणा खाली बसवते, एवढंच. तुरटी फिरवलेलं पाणी स्वच्छ दिसतं, पण निर्जंतुक झालेलं नसतं.

क्लोरीनची गोळी जंतू मारते, पण गढूळ पाण्यात तिची ताकद मातीवरच खर्च होते. म्हणून ही दोन्ही एकमेकांना पर्याय नाहीत, क्रम आहे: आधी तुरटीचा खडा चार-पाच वेळा फिरवा, अर्धा-पाऊण तास बसू द्या, वरचं पाणी पंच्याच्या चार पदरांतून गाळा, मग पाकिटावर लिहिलेल्या मापाने गोळी घाला आणि अर्धा तास थांबा. पाणी बर्फासारखं गार असेल तर दुप्पट वेळ. उकळणं सगळ्यात खात्रीचं. कमी उंचीवर खळखळून एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. तिथे उत्कलनबिंदू खाली आलेला असला तरी जंतू मारायला तो पुरतो. प्रश्न फक्त इंधनाचा. लिंबाएवढा तुरटीचा खडा महिनोन्महिने पुरतो, त्यामुळे तो द्याच, पण गोळ्यांसोबत.

राजस्थानसाठी ओआरएसची पाकिटं दहा-बारा द्या. संपली तर एक लिटर सुरक्षित पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. मीठ वाढलं तर फायद्याऐवजी अपाय होतो, म्हणून अंदाजाने नको.

बाटलीबद्दल थोडं. दुहेरी भिंतीचा थर्मास थंडीत पाणी गोठू देत नाही, पण तो कधीही आगीवर ठेवू नये, बंद पोकळीमुळे फुटू शकतो. एकेरी स्टीलचा मग किंवा डबा आगीवर ठेवता येतो, वितळत नाही, चेपला तरी चालतो. साधी प्लास्टिकची बाटली असेल तर उंचावर रात्री उलटी ठेवायची. बर्फ वरून धरायला लागतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं.

पायमोजे आणि पाय

सुती मोजे राजस्थानात आणि तळावर चालतात. चढाई आणि बर्फात लोकरी किंवा लोकर-नायलॉन मिश्र घ्या. लोकर ओली झाली तरी काही ऊब राखते. चार जोड पुरे: एक पायात, एक वाळत, एक झोपताना, एक राखीव. ऊब वाढेल म्हणून घट्ट बुटात दोन-दोन मोजे घालणं उलटं पडतं. बोटं आवळली की रक्त पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतो. बुटात बोटं हलायलाच हवीत.

ओले बूट शेकोटीला लावले तर कातडं तडकतं आणि तळव्याचा डिंक सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबावेत, ओले झाले की बदलावेत. बॅगेत चार-पाच जुने अंक टाकायला काहीच लागत नाही.

तेल की व्हॅसलीन? खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली थिजतं. सोलापुरातसुद्धा डिसेंबरच्या सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते, मग लडाखमध्ये तो दगडच. व्हॅसलीन म्हणजे पेट्रोलियम जेली थंडीतही बोटाने निघते आणि मांड्या, टाचा, काखा घासतात तिथे छान काम करते. ती फासल्याने हिमदंश (थंडीने बोटं, कातडी गोठणं) टळतो हे मात्र खरं नाही. उलट आपण सुरक्षित आहोत असं वाटून माणूस गाफील राहतो. ओठांना बर्फावरचं ऊन भाजतं, त्याला एसपीएफ असलेला, म्हणजे उन्हापासून वाचवणारा लिप बाम लागतो, जेली तिथे पुरत नाही.

बांधायला, शिवायला, कोरडं ठेवायला

सगळ्यांत कमी वजनात सगळ्यांत जास्त उपयोग इथे आहे. एका पुठ्ठ्यावर दोन सुया, एक बारीक दाभण, चांभाराकडे मिळतो तो नायलॉनचा दोरा पाच मीटर, सहा बटणं, सहा सेफ्टी पिना. दोन काडेपेट्यांएवढी जागा. साधा शिलाईचा दोरा शर्टाच्या बटणाला ठीक, पिशवीचा पट्टा तुटला तर तो तग धरत नाही. नायलॉनची गाठ सरकते, म्हणून दुहेरी मारून टोक ज्योतीने वितळवावं.

रबर बँड उन्हात आठवड्याभरात तडकतात. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन बोटं रुंद गोल काप करा, पंधरा-वीस. पट्ट्यांची लोंबणारी टोकं धरायला, खडखडणाऱ्या वस्तू आवळायला, पिशवीचं तोंड बांधायला यांना तोड नाही. ओल्या सरपणात चूल पेटवायलाही एखादा तुकडा चालतो, पण धूर विषारी असतो. तंबूत किंवा बंकरमध्ये कधीच नाही.

बॅगेवरचं रेनकव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही. त्यापेक्षा बॅगेच्या आत जाड पॉलिथिनची मोठी पिशवी अस्तरासारखी घाला, तोंड पिळून, दुमडून ट्यूबच्या कड्याने बांधा. धान्याच्या पोत्यातली पिशवी चालेल. खताच्या पोत्यातली नको, रसायन राहतं आणि ओल लागली की कपड्यांना लागतं.

विजेरीसाठी अल्कलाइन सेल की लिथियम? मैदानात अल्कलाइन. बर्फात 1.5 व्होल्टचे लिथियम एए (पेन्सिल) सेल कितीतरी महाग पडले तरी तेच घ्या: उणे 40 अंशांपर्यंत चालतात आणि वजनाने हलके, साधारण 15 ग्रॅम, अल्कलाइन 23 च्या पुढे. तशाच आकाराचे 3.7 व्होल्टचे चार्जिंगचे सेल मिळतात, ते साध्या विजेरीत घालू नका, बल्ब जळेल. काचेवर लावायला लाल जिलेटिन कागदाचा तुकडा द्या. लाल उजेडाने अंधाराला सरावलेली नजर कमी बिघडते.

पाठवताना

पॉवर बँक टपालाने नाही, जवानाच्या हातच्या सामानात. विमानात 100 वॉट-तासांपर्यंत चालते. 20,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे 74 वॉट-तास. शून्याखाली तिला चार्जिंगला लावायचं नाही, आधी कपड्यांत ऊब द्यायची. काडेपेटी आणि लायटर टपालातही नाही, विमानातही नाही. सुकं खोबरं विमान वाहतुकीत धोकादायक मालात मोडतं, त्यामुळे तो विमानाने जाणार असेल तर खोबऱ्याच्या वाट्या भरू नका.

पार्सल पुठ्ठ्याच्या खोक्यात, बाहेरून मांजरपाट शिवून, आत सगळं पॉलिथिनमध्ये. पत्त्यावर क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि 56 किंवा 99 एपीओ (सैन्याचं टपाल कार्यालय), त्याने दिलेल्या पिनसह, एवढंच लिहावं. गावाचं किंवा पोस्टचं नाव लिहू नये; ठिकाण उघड होऊ नये म्हणूनच ही टपाल व्यवस्था आहे. खोक्याच्या आत, सगळ्यात वर, तोच पत्ता लिहिलेला कागद ठेवा. बाहेरची शाई पावसात पुसली तरी पार्सल अडकत नाही.