आरएक्सच्या प्लगचे आटे गेले: हेलिकॉइल, बुश, आर्गन की दुसरं हेड?

जुनी टू-स्ट्रोक सांभाळणाऱ्यावर ही वेळ कधी ना कधी येतेच. हेड, म्हणजे सिलेंडरचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं, त्यात बसणारा स्पार्क प्लग लोखंडाचा, आणि आधीच्या मालकांपैकी कोणीतरी गरम इंजिनातून प्लग ओढून काढलेला असतो नाहीतर तिरपा लावून पान्यानं रेटलेला असतो. माझ्या यामाहा आरएक्स १०० मध्ये बहुतेक दोन्ही झालं होतं. प्लग फिरत राहायचा पण घट्ट व्हायचा नाही, किक मारली की बाजूनं फुस्स, नि हेडवर काळ्या तेलाचा ओघळ. नागपुरात विचारलं तर प्रत्येक मिस्त्री वेगळंच सांगून राहिला होता, म्हणून हे लिहून ठेवतो, कोणाला ठरवायचं असेल तर कामी येईल.

आधी एक बघा, आटे खरंच गेलेत का. पुष्कळदा वरचे एक-दोनच चुकलेले असतात आणि खालचे शाबूत. आरएक्सचं हेड चार नटांवर आहे, काढायला आळस करू नका, हेड उलटं धरून आतल्या बाजूनं टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा, म्हणजे शाबूत आट्यांवरून तो सरळ वर येतो नि बिघडलेले आपोआप साफ होतात. वरून टॅप घातला की तो त्याच तिरप्या वाटेनं जातो. फक्त टॅप १४ बाय १.२५ चाच हवा, म्हणजे जाडी १४ मिमी आणि पिच, दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं '१४ चा टॅप द्या' म्हटलं की २ किंवा १.५ पिचचा हातात पडतो, आणि तो फिरवला की उरलेसुरले आटेही गेलेच समजा.

आता खरंच गेले असतील तर बहुतेक मिस्त्री पहिले हेलिकॉइल सांगतात. स्टेनलेसच्या तारेची स्प्रिंग, भोक थोडं मोठं करून त्यात बसवायची. काम लवकर होतं, स्वस्त आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचे आटे मूळच्या ॲल्युमिनियमपेक्षा मजबूतच असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्याही गाडीत आधी तेच बसवलं होतं आणि गाडी छान चालत होती.

चालताना काहीच त्रास नाही हो, त्रास आहे तो प्लग काढताना. टू-स्ट्रोकमध्ये प्लग सारखा काढावा लागतो, त्यातून आपल्याकडे सीताबर्डीच्या गर्दीत गाडी आयडलवर रांगत राहते, ऑइल जळत नाही, प्लगवर काजळी धरते. ती काजळी खालच्या आट्यांत जाऊन बसते, प्लगला स्प्रिंग चिकटते, आणि पाना उलटा फिरवला की प्लगसोबत अख्खी स्प्रिंग हातात. रामटेकहून येताना मनसरजवळ गाडी बंद पडली, मे महिन्याचं ऊन, इंजिन थंड व्हायची वाट पाहिली, सगळं नीट केलं, तरी प्लग बाहेर आला तो स्प्रिंगचं वेटोळं अंगाला गुंडाळूनच. खिशात नवा प्लग होता, पण तो लावायचा कशात? स्प्रिंग धरून राहते ती तिच्या ताणावर, एकदा ओढली गेली की तो ताण गेला, परत घातली तरी सैलच. गाडी टेम्पोत घालून घरी आणली. मिस्त्रीनं नवीन स्प्रिंग टाकून दिली, म्हणाला आता नाही येणार भाऊ. आली. नीट बसवलेली हेलिकॉइल वर्षानुवर्षं टिकलेले लोकही मी पाहिलेत, तेव्हा सगळा दोष तिचाच असं म्हणत नाही, पण प्रत्येक वेळी प्लग काढताना श्वास रोखून धरायचा हे मला तरी जमत नाही.

आर्गनचं म्हणाल तर, भोक वेल्डिंगनं भरून पुन्हा ड्रिल आणि टॅप, म्हणजे गाडी मूळसारखी. ऐकायला सगळ्यात बरं वाटतं. पण तीस वर्षं तेल प्यायलेल्या ॲल्युमिनियममध्ये वेल्ड पकडताना बारीक पोकळ्या राहतात, उष्णतेनं हेडचा फेस, म्हणजे सिलेंडरवर टेकणारी सपाट बाजू, वाकू शकतो, तो परत सपाट करून घ्यायचा, आणि एवढं करून हातात येतं ते परत मऊ ॲल्युमिनियमच. प्लग टेकतो ती जागाच फुटली असेल किंवा हेडला तडा असेल तर मात्र हाच मार्ग.

दुसरं हेड हा पर्याय मी लवकर सोडला. आरएक्स १०० बंद झाली १९९६ मध्ये, म्हणजे ओरिजिनल हेड मिळालं तरी तेवढंच म्हातारं, आणि विकणारा ते चकाचक करून देतो. टॉर्च मारून बघा, बहुतेक आत आधीच कोणाची तरी स्प्रिंग बसलेली दिसेल. डुप्लिकेट हेडवर माझा फारसा विश्वास नाही, असेल कोणाचा.

मी शेवटी बुश बसवला, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली धातूची जाड नळी. हिंगणा एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून गनमेटलचा (तांब्याचा मिश्रधातू) बुश करून घेतला, बाहेरून १८ बाय १.५, आतून प्लगचे आटे. लोखंडाचा नको म्हटलं, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, भोक मोठं होतं नि बुश सैल पडतो. गनमेटल त्यामानानं ॲल्युमिनियमच्या जवळ आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे कॉलर, बुशची रुंद कड, वर न ठेवता आतल्या, म्हणजे जळणाच्या बाजूला ठेवायला सांगितली, हेडमध्ये खाच करून लेव्हलला. त्यामुळे बुश खालून वर चढतो, आणि वरून प्लग सोडवायला पाना ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं बुश उलट जास्त आवळला जातो. स्प्रिंगचं नेमकं जे दुखणं होतं ते इथे उपयोगाला येतं! प्लग लावताना मात्र तो सुटू पाहतो, म्हणून कॉलरच्या कडेला पंच मारून पक्का करायचा, नुसत्या थ्रेडलॉकरवर (आटे चिकटवायच्या गोंदावर) सोडू नका, एवढ्या उष्णतेत साधं थ्रेडलॉकर नरम पडतं. लेथवाल्याला थोडं समजावून सांगावं लागलं, पैसेही हेलिकॉइलपेक्षा जास्त गेले आणि गाडी काही दिवस उभी राहिली, हे आहेच. पण त्यानंतर प्लग एकटाच बाहेर येतो.

लेथवाल्याकडे जाताना प्लग सोबत न्या, आणि तो बरोबर लांबीचा आहे ना ते आधी बघा. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरात एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिमी, ई म्हणजे १९. एचच्या हेडमध्ये ईचा प्लग लावलेल्या गाड्या मी पाहिल्यात, आत लोंबणाऱ्या आट्यांवर कार्बन बसतो नि काढताना तोच चांगले आटे खरवडत येतो. लावताना प्लग टेकेपर्यंत हातानंच फिरवायचा, मग नवा असेल तर पान्यानं अर्धा फेरा, बस. अँटी-सीझ, म्हणजे आटे चिकटू नयेत म्हणूनची पेस्ट, लावा असं बम लोक सांगतात, पण कोटिंगवाल्या प्लगला एनजीके स्वतःच नको म्हणते, निसरडं होऊन जास्त आवळला जातो.

फोर-स्ट्रोकवाल्यांनी मात्र माझं ऐकून लगेच हिंगण्याला पळू नका. स्प्लेंडरसारख्या गाडीत प्लग १० मिमीचा, त्यात बुशला जागा कमी, आणि हेड काढायचं म्हणजे टायमिंग चेनपासून सगळं उघडा. तिथे प्लग कधीतरीच निघतो, चांगल्या हाताची हेलिकॉइल भागवून नेईल, टॅपच्या खाचांत ग्रीस भरायला सांगा म्हणजे कीस सिलेंडरमध्ये पडणार नाही.