ऑप्टिमिस्ट की लेझर?

नवेगावबांधच्या तलावात डोंगा हाकणाऱ्या पोराला शिडाची शर्यत शिकवायची, तर होडी कोणती? बारा वर्षांखालच्याला ऑप्टिमिस्टच. लांबी जेमतेम २.३ मीटर, वजन ३५ किलो. दोघं मिळून पाळीवरून पाण्यात सोडतात. नाक चपटं, रूप म्हणाल तर पेटीचं, पण सहसा कलंडत नाही. मात्र पोरगं पंधराचं झालं ते वर्ष संपलं, की हिच्या शर्यती बंद.

लेझर, आताचं नाव आयएलसीए, ४.२ मीटरची. डोलकाठी दोन तुकड्यांत. खालचा बदलून लहान शीड चढवलं की तीच होडी हलक्या पोरालाही झेपते. वारा वाढला की पाय पट्ट्यात अडकवून अंग बाहेर झोकायचं, मांड्या भरून येतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताचे नेत्रा कुमानन, विष्णू सरवणन याच होडीच्या शर्यतींत उतरले. गावाला एकच परवडणार असेल, तर मी लेझर म्हणेन.