आफ्रिकेतील साथींचे साप्ताहिक पत्रक: शेवटच्या तक्त्यासाठी वाचावे असे

जागतिक आरोग्य संघटनेच्या आफ्रिका विभागीय कार्यालयाचे, म्हणजे काँगो प्रजासत्ताकाच्या राजधानीतील ब्राझाव्हिल कार्यालयाचे, साथी आणि इतर आणीबाणींविषयीचे साप्ताहिक पत्रक कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. पहिल्या पानावर नकाशा आणि चार आकडे असतात: नव्या घटना, चालू घटना, त्यांतील रोगांचे उद्रेक आणि मानवी संकटे. पुढे निवडक घटनांवर टिपणे येतात. घटनेचे वर्णन, झालेली उपाययोजना आणि परिस्थितीचा अन्वयार्थ हा त्यांचा ठरलेला क्रम आहे. भाषा रुक्ष असली तरी मजकूर नेमका असतो.

या पत्रकाचे खरे मोल मात्र शेवटच्या तक्त्यात आहे, असे माझे ठाम मत आहे. कॉलरा, गोवर, इबोला, पूर, विस्थापन अशी प्रत्येक चालू घटना तेथे एका ओळीत मांडलेली असते आणि एकूण रुग्ण व निश्चित निदान झालेले रुग्ण यांचे रकाने वेगवेगळे ठेवलेले असतात. हा भेद किती मोलाचा आहे, हे मादागास्करमधील २०१७ च्या प्लेगवरून समजते. त्या साथीत १ ऑगस्ट ते २६ नोव्हेंबर या काळात २,४१७ रुग्ण आणि २०९ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी १,८५४ जणांना लक्षणांवरून फुप्फुसाचा प्लेग झाल्याचे धरले होते, पण प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केले ते केवळ ३९० जणांवर. बाकीचे संभाव्य किंवा संशयित या वर्गांत राहिले. म्हणून साथ किरकोळ होती असे नव्हे. पण मोठा आकडा उचलून मथळा देणाऱ्याने शेजारचा रकाना वाचायलाच हवा. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगच्या बातमीने उडालेली घबराट ज्यांना आठवते, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

उणीव आहे ती कार्यक्षेत्राची. या विभागात ४७ देश येतात. सुदान आणि सोमालिया मात्र संघटनेच्या पूर्व भूमध्य विभागात मोडतात. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटल्यावर लाखो माणसे चाड आणि दक्षिण सुदानात आली. हे दोन्ही देश आफ्रिका विभागात असल्याने निर्वासितांच्या छावण्यांतील आजार या पत्रकाच्या कक्षेत येतात, पण ती माणसे जेथून निघाली तेथील स्थिती जाणून घेण्यासाठी दुसऱ्या विभागाची कागदपत्रे शोधावी लागतात. एकाच संकटाची अशी वाटणी वाचकाला खरोखर अडचणीची ठरते, आणि निदान सीमेपलीकडच्या घटनांसाठी एक जोडओळ तक्त्यात द्यायला हवी.

दुसरी मागणी साधी आहे. तक्ता पीडीएफमध्ये असल्याने जुन्या अंकांतील आकड्यांची तुलना करायची तर ते हाताने उतरवून घ्यावे लागतात. प्रत्येक अंकासोबत तोच तक्ता एक्सेलमध्ये दिल्यास सामाजिक वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे आणि आरोग्यविषयक वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांचे काम बरेच हलके होईल.