चौथ्या पिढीची एमएक्स-५ : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मॅझ्दा या जपानी कंपनीच्या एमएक्स-५ या छोट्या, दोन आसनी, छत उघडणाऱ्या गाडीची पहिली पिढी ११ वर्षे चालवल्यानंतर मी चौथ्या पिढीची, दीड लिटर इंजिनाची आणि मॅन्युअल गिअरची गाडी घेतली. त्याला आता नऊ महिने झाले असून या काळात ती १४,००० किलोमीटरांहून अधिक धावली आहे. जुनी गाडी अजूनही माझ्याकडेच असल्याने आठवड्यातून एकदा तरी दोन्ही पाठोपाठ चालवण्याची संधी मिळते, आणि नावाजलेल्या गाडीचे रूप नव्या पिढीसाठी बदलताना काय राखावे व काय सोडून द्यावे, याविषयीची माझी मते या तुलनेतूनच हळूहळू बदलत गेली आहेत.

सुरुवातीला मला ही गाडी आवडली नव्हती, आणि त्याचे कारण होते तिचा चेहरा. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात लोकांसमोर आलेल्या पहिल्या एमएक्स-५चे दिवे बॉनेटमधून वर उघडत आणि खालचे तोंड हसरे दिसे. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात बनलेल्या लोटस एलानसारख्या छोट्या, उघड्या गाड्यांशी असलेले तिचे नाते लपत नव्हते. १९९८ मध्ये दुसऱ्या पिढीत उघडमिट करणारे दिवे गेले, पण चेहऱ्यावरचा मवाळपणा राहिला. चौथ्या पिढीचे दिवे मात्र अरुंद आणि तिरके आहेत. समोरून पाहिल्यावर ही गाडी रागावली आहे असे मला वाटे, आणि एवढ्या लहान गाडीने रागावण्याचे कारण काय, हा प्रश्न पहिले काही आठवडे माझ्या मनातून जात नव्हता.

त्याचे उत्तर मला आकड्यांत सापडले. नव्या गाडीची लांबी ३,९१५ मिलिमीटर आहे, म्हणजे जवळपास २५ वर्षांपूर्वीच्या पहिल्या पिढीपेक्षाही ती काहीशी आखूडच आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर मात्र २,२६५ वरून २,३१० मिलिमीटर झाले आहे. लांबी घटूनही चाकांमधील अंतर वाढले, याचा अर्थ चाकांच्या पुढे आणि मागे लोंबणारा गाडीचा भाग कापला गेला आहे. एलईडी दिव्यांना खोली कमी लागते, त्यामुळे नाक असे आखूड ठेवणे शक्य होते. मोठे गोल दिवे लावून जुना चेहरा परत आणण्याचा मार्ग आरेखकांना मोकळा होता. पण चौथ्या पिढीचे मुख्य आरेखक मसाशी नाकायामा यांच्या चमूने तो घेतला नाही, आणि वळणावर नाकाचे वजन जाणवेनासे झाले तेव्हा मला त्यांचे म्हणणे पटले.

पहिली गाडी तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली घडली. तेव्हा समोर ठेवलेले ध्येय ‘जिंबा इत्ताई’ या जपानी शब्दांत सांगितले जाते. त्याचा अर्थ घोडा आणि स्वार यांचे एकरूप होणे. वजन वाढले की हे एकरूप होणे सर्वांत आधी हरवते. २००५ची तिसरी पिढी आकाराने आणि वजनाने वाढली होती. चौथ्या पिढीने त्यातले १०० किलोंहून अधिक वजन उतरवले आणि माझ्याकडील इंजिनासह ते सुमारे १,००० किलोंवर आणले. मूळ गाडीत फक्त बॉनेट ॲल्युमिनियमचे होते, आता पुढचे मडगार्ड आणि डिकीचे झाकणही ॲल्युमिनियमचे आहे. अपघातातील सुरक्षेचे नियम मधल्या काळात किती कडक झाले, एअरबॅग आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे किती वाढली, हे लक्षात घेतले तर जुन्या वजनाच्या इतक्या जवळ परत जाणे हे मला या संपूर्ण फेरआरेखनातील सर्वांत अवघड आणि सर्वांत प्रामाणिक काम वाटते.

आणखी एक गोष्ट लक्षात यायला मला तीन महिने लागले. चालकाच्या आसनावर बसून पुढे पाहिले की दोन्ही पुढच्या चाकांवरचे उंचवटे स्पष्ट दिसतात, आणि दरवाजाच्या आतील वरच्या कडेला बाहेरच्या पत्र्याचाच रंग दिलेला असल्याने मडगार्डची ती रेषा वाहत थेट कोपराजवळ येते. सुरुवातीला मी याला निव्वळ सजावट समजत होतो. पुढे एकदा पावसात, अरुंद घाटवळणाच्या रस्त्यावर गाडी चालवताना असे जाणवले की पुढचे चाक नेमके कुठे आहे हे मला अंदाज न बांधता कळत आहे, कारण त्याच्यावरचा पत्रा मला दिसतो आहे. माझ्या जुन्या गाडीचे बॉनेट सपाट उतरते आणि ही खूण तिथे मिळत नाही. केवळ सुंदर दिसण्यासाठी काढलेली रेषा आणि चालवणाऱ्याला उपयोगी पडणारी रेषा एकच असणे मी फार थोड्या गाड्यांत पाहिले आहे.

इंजिनाची शक्ती १३२ अश्वशक्ती आहे आणि ती ७,००० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ७,००० फेऱ्यांना, मिळते. कागदावर हा आकडा आजच्या मानाने लहान वाटेल. प्रत्यक्षात मात्र इंजिन वरपर्यंत पिळून घेण्याची आणि त्यासाठी सतत गिअर बदलत राहण्याची जी सवय जुन्या गाडीने लावली होती, ती इथे तशीच उपयोगी पडते. गिअरचा दांडा मनगटाच्या हालचालीएवढाच सरकतो. दोन लिटरचे इंजिन अधिक जोरकस आहे, २०१८च्या सुधारणेनंतर तर ते १८४ अश्वशक्तीपर्यंत गेले. तरीही, पुन्हा निवड करायची वेळ आली तर मी दीड लिटरचेच इंजिन घेईन.

स्टीअरिंगबाबत मात्र मन अजून दोन बाजूंना ओढ घेते. जुन्या गाडीत स्टीअरिंगला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाचे, साहाय्य आहे आणि रस्त्यावरची खडी, ओल, डांबराचा बदललेला पोत हे सारे तळहातांना समजते. नव्या गाडीचे विजेवर चालणारे स्टीअरिंग अचूक आणि तत्पर आहे, परंतु ते कमी बोलते. ही उणीव मला गाडीच्या कलण्याने काहीशी भरून निघाल्यासारखी वाटते. सस्पेन्शन मुद्दाम मऊ ठेवलेले असल्याने वळणावर गाडी स्पष्टपणे एका बाजूला झुकते, आणि चाकांची पकड किती उरली आहे हे चालकाला कंबरेतून कळते. २०२२ पासून जोराच्या वळणात आतल्या बाजूचे मागचे चाक अगदी हलके ब्रेक करून गाडीचा मागचा भाग खाली धरून ठेवणारी प्रणाली दिली गेली, जी माझ्या गाडीत आहे. तिच्यासाठी एक ग्रॅमही वजन वाढवावे लागले नाही, कारण ब्रेक आधीपासूनच होते, बदलली ती फक्त आज्ञावली.

रोजच्या वापराचे थोडक्यात सांगतो. डिकी १३० लिटरची आहे, म्हणजे दोन मऊ पिशव्यांपुरती. डॅशबोर्डमध्ये खण नाही. दोन आसनांच्या मध्ये मागे एक कप्पा आहे, त्यासाठी अंग वळवावे लागते. छत मात्र बसल्या जागेवरून एका हाताने उघडते आणि मिटते. जुन्या गाडीत मागची प्लॅस्टिकची काच आधी चेन (झिप) ओढून सोडवावी लागते, नव्या गाडीत मात्र खरी काच आहे. त्यामुळे दहा मिनिटांच्या प्रवासालाही मी छत उघडतो, जे पूर्वी करत नसे.

आता पुन्हा दिव्यांकडे येतो. गाजलेल्या गाडीचे रूप बदलले की चर्चा नेहमी चेहऱ्याभोवतीच फिरते. पोर्शे ९११च्या १९९७च्या पिढीत इंजिन हवेऐवजी पाण्याने थंड होऊ लागले, हा तिच्या इतिहासातील मोठा तांत्रिक बदल होता, पण लोकांच्या रागाचा मोठा वाटा बदललेल्या दिव्यांच्या वाट्याला आला आणि २००४ मध्ये गोल दिवे परत आले. मी स्वतःही तसाच वागलो, म्हणून ही ओढ किती खरी असते हे मला ठाऊक आहे. पण नऊ महिन्यांत मी या गाडीच्या पुढे उभा राहून फार थोडा वेळ घालवला आणि आत बसून पुष्कळ.

पुढच्या पिढीविषयी माझी अपेक्षा स्पष्ट आहे. लांबी चार मीटरच्या आत राहावी, वजन १,००० किलोंच्या आसपास राहावे, क्लचचे पेडल राहावे आणि आसनावरून चाकांवरचे ते दोन उंचवटे दिसावेत. दिव्यांचा आकार आरेखकांनी त्यांच्या मनाप्रमाणे ठरवावा.