स्पॅनिशचा आघात ऐकायला ‘प्रात’: फुकटातलं सॉफ्टवेअर, पण वापरायची रीत हवी

‘रंकाळा’ म्हणताना कुठल्याही अक्षरावर जोर द्या, तळं तेच राहतं. स्पॅनिशमध्ये असं चालत नाही. ‘नुमेरो’च्या पहिल्या अक्षरावर आघात असेल तर अर्थ ‘संख्या’, मधल्यावर असेल तर ‘मी क्रमांक घालतो’, शेवटच्यावर असेल तर ‘त्यानं क्रमांक घातला’. लिहिताना स्वरावरची तिरकी रेघ हे सांगते, पण देवनागरीत टिपणं काढणाऱ्याच्या वहीत तिन्ही शब्द एकसारखेच उतरतात. कोल्हापुरात स्पॅनिश शिकणाऱ्यांचा कान अडतो तो इथेच. त्यावर आम्ही ‘प्रात’ सुचवतो, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाजाचा सूर आणि लांबी दाखवणारं, बदलूही देणारं सॉफ्टवेअर.

अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते बनवलं. डचमध्ये नावाचा अर्थ ‘बोल’. पैसे लागत नाहीत. विंडोजवर झिप उघडली की एकच फाइल, तीच चालवायची. लॅपटॉप जुना असला तरी भागतं. दिसायला मात्र ते फार रुक्ष आहे. सुरुवातीला दोन खिडक्या उघडतात. त्यातली ‘पिक्चर’ची सरळ बंद करून टाका.

ध्वनिमुद्रण ‘न्यू’ मेनूतून, मोनोमध्ये (एकाच चॅनेलवर). राजारामपुरीसारख्या रस्त्यालगतच्या खोलीत खिडकी लावा आणि पंखा बंद करा, कारण पंख्याच्या घरघरीतून सॉफ्टवेअर सूर काढायला बघतं आणि पडद्यावर सुराचा चढउतार दाखवणारी रेघ भलतीकडे जाते. माइक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला. मग ‘व्ह्यू अँड एडिट’ उघडून सुराची मर्यादा ठरवा: पुरुषाच्या आवाजाला 75 ते 300 हर्ट्झ, बाईच्या आवाजाला 100 ते 500. हे टाळलं की रेघ मध्येच दुप्पट वर उडी मारते किंवा निम्म्यावर येते, आणि शिकणाऱ्याला तिथेच आघात ‘दिसतो’.

सगळ्यात मोठी चूक हीच, रेघेचं शिखर म्हणजे आघात असं धरून चालणं. एकटा शब्द म्हटला तर ते बऱ्याचदा जुळतंही. पण ‘एल नुमेरो दे ला कासा’ (‘घराचा क्रमांक’) या शब्दांनी सुरू होणारं साधं विधान घ्या. आघात ‘नु’वर आहे, सूर तिथून चढायला लागतो आणि शिखर गाठतो पुढच्या ‘मे’वर. स्पॅनिश विधानांत, शेवटचा शब्द सोडला तर, हे नेहमीचं आहे. रेघ बघून खूण करणारा ‘मे’ लिहितो आणि चुकतो.

म्हणून प्रातचा खरा उपयोग बघण्यात नाही, बदलून ऐकण्यात आहे. इथे ते नाद खुळा आहे. मधल्या अक्षरावर आघात असलेला ‘नुमेरो’ निवडा, ‘टू मॅनिप्युलेशन’ करा. सुराचे ठिपके दाट दिसतात. ‘स्टायलाइझ’ने दोन सेमीटोनवर (सेमीटोन म्हणजे सुरातली अर्धी पायरी) विरळ करा. आता शिखराचे ठिपके ओढून ‘नु’वर आणा आणि ऐका. शब्द विचित्र वाटेल, पण आघात पुरता सरकला असं ठामपणे म्हणवत नाही. 2003 मध्ये बार्सिलोनाच्या ध्वनितज्ज्ञांनी स्पॅनिश श्रोत्यांवर केलेल्या प्रयोगातही हेच निघालं: नुसता सूर पुरत नाही, त्याच्या जोडीला कालावधी किंवा आवाजाची तीव्रता लागते.

तेव्हा कालावधीही बदला. ‘नु’च्या स्वराच्या सुरुवातीला दोन ठिपके, एकमेकांना जवळजवळ चिकटून: 1 आणि 1.3 (आकडे मूळ लांबीच्या पटीत). शेवटी उलट क्रमानं: 1.3 आणि 1. चारच्या जागी दोनच ठिपके टाकले तर आजूबाजूची व्यंजनंही ताणली जातात. ‘मे’चा स्वर तसाच 0.8 वर आणा. आता परत ऐका. 1.5 च्या पुढे जाऊ नका. तिथे आघात न वाटता नुसता दीर्घ ‘नू’ ऐकू येतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या सवयीच्या आपल्या कानाला हा सापळा आहेच.

सरावाला ‘नुमेरो’च का? न, म, र हे घोष, म्हणजे गळ्यातल्या कंपनासह उच्चारले जाणारे, असल्यानं सुराची रेघ जवळपास सलग राहते. ‘तेर्मिनो’ची अशीच तिहेरी जोडी आहे, पण ‘त’पाशी रेघ तुटते, ती दुसऱ्या आठवड्यात घ्या. वाक्याच्या शेवटी आवाज खर्जात जाऊन चिरकला की रेघ गायबच होते. तो बिघाड नाही. तिथे तरंगाकृतीवर स्वराची लांबी मोजा.

उणिवा आहेतच. तीव्रता बदलायची वाट वेगळी आणि किचकट, नवख्यानं तिकडे जाऊ नये. ऐकण्याची चाचणी बनवायची सोय आहे, पण त्यासाठी मजकुराची फाइल ठरलेल्या साच्यात लिहावी लागते; एक ओळ चुकली की चाचणी उघडतच नाही. सोपा मार्ग असा: जोडीदाराकडून ‘नुमेरो’चे 30 ध्वनिमुद्रित तुकडे, तिन्ही अर्थांपैकी प्रत्येकाचे 10, क्रम मोडून घ्या आणि रेघ न बघता 1, 2, 3 लिहा. नुसत्या अंदाजानंही 10 च्या आसपास बरोबर येतात, म्हणून 14-15 वर खूश होऊ नका. 25 आले की एकटे शब्द सोडून वाक्यांकडे वळा. वाक्यांत गुण परत खाली येतील, आणि तेव्हा चुकलेले तुकडेच फक्त प्रातमध्ये उघडा.