ऊर्जाप्रकल्पातील गुंतवणूक बुडाल्यावर दाद कुठे मागावी?

खासगी भांडवलावर उभारलेला वीज वा वायू प्रकल्प फसला की गुंतवणूकदारापुढे साधारणपणे चार वाटा असतात: मूळ करारात ठरलेला लवाद (न्यायालयाऐवजी तटस्थ व्यक्तींनी करायचा निवाडा), दोन देशांमधील गुंतवणूक संरक्षण करारान्वये थेट शासनाविरुद्धचा लवाद, प्रकल्प जिथे आहे तेथील न्यायालये आणि तडजोड. यांपैकी कोणत्या वाटेने जिंकण्याची शक्यता अधिक, हे सल्लागाराला सर्वांत आधी विचारले जाते. माझ्या मते त्याआधी हे ठरवावे की, निवाडा आपल्या बाजूने लागला तर रक्कम कोणाकडून, कोणत्या देशात आणि कोणत्या मालमत्तेतून वसूल होणार आहे.

करारातील लवाद आणि आंतरराष्ट्रीय कराराखालील लवाद हे वरवर सारखे दिसतात, पण त्यांचा पाया निराळा आहे. पहिल्यात प्रतिवादी असतो तो करारावर सही करणारा पक्ष, आणि सिद्ध करायचा असतो कराराचा भंग. वीज विकत घेणारे मंडळच आर्थिकदृष्ट्या खचले असेल आणि त्यामागे शासनाची हमी नसेल, तर निर्दोष निवाडाही वसुलीला फारसा उपयोगी पडत नाही. दुसऱ्यात शासनाला स्वतः उत्तर द्यावे लागते, परंतु त्यासाठी परवाना मनमानीपणे रद्द करणे, मालमत्ता हिरावून घेणे किंवा दिलेले दर मागे घेणे अशी शासकीय कृती दाखवावी लागते. मागणीचा अंदाज चुकला किंवा बांधकामाचा खर्च वाढला म्हणून झालेला तोटा कोणताही गुंतवणूक करार भरून देत नाही.

शासकीय कृती उघड असली तरी निकाल निश्चित नसतो, हे स्पेनच्या सौरऊर्जा खटल्यांवरून दिसते. स्पेनने सौर प्रकल्पांना दिलेल्या सवलती कमी केल्यावर ऊर्जाक्षेत्रातील गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या बहुराष्ट्रीय ऊर्जा सनद कराराखाली अनेक दावे दाखल झाले. २०१० च्या सुरुवातीच्या बदलांविरुद्धचा शारान या गुंतवणूकदार कंपनीचा दावा जानेवारी २०१६ मध्ये फेटाळला गेला, तर नंतरच्या व्यापक बदलांविरुद्ध आयझर या कंपनीला मे २०१७ मध्ये १२.८ कोटी युरो मंजूर झाले. पण जून २०२० मध्ये तो निवाडाही रद्द झाला, कारण निवाडा देणाऱ्यांपैकी एका सदस्याने दावेदाराच्या तज्ज्ञांशी असलेले आपले जुने व्यावसायिक संबंध उघड केले नव्हते. लवादाचे सदस्य नेमताना केलेली हयगय किती महागात पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

वसुलीच्या दृष्टीने वॉशिंग्टन येथील गुंतवणूक-वाद केंद्राचा निवाडा बळकट मानला जातो, कारण हे केंद्र ज्याने स्थापले त्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सदस्य देशांनी त्यातील आर्थिक बोजा आपल्या न्यायालयाच्या अंतिम निकालाप्रमाणे अमलात आणायचा असतो. भारत मात्र या कराराचा सदस्य नाही. इतर निवाडे परदेशी निवाड्यांच्या अंमलबजावणीसाठीच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारावर विसंबतात आणि त्यांची तपासणी लवादाच्या आसनस्थानी, म्हणजे लवाद कायद्याने ज्या देशात भरला असे मानले जाते तिथल्या न्यायालयात होऊ शकते. नायजेरियातील वायुप्रक्रिया प्रकल्प कधी उभाच राहिला नाही, तरी पी अँड आयडी या कंपनीला नायजेरियाविरुद्ध २०१७ मध्ये ६६० कोटी डॉलरचा निवाडा मिळाला आणि व्याजासह तो १,१०० कोटींवर गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने लाचखोरी व फसवणुकीच्या कारणावरून तो उडवला. युकोस या तेलकंपनीच्या भागधारकांना २०१४ मध्ये रशियाविरुद्ध सुमारे ५,००० कोटी डॉलर मंजूर झाले, पण त्यानंतरचे संपूर्ण दशक आसनस्थान असलेल्या नेदरलँड्सच्या न्यायालयांत निवाड्याचा बचाव करण्यात आणि देशोदेशी मालमत्ता शोधण्यात गेले.

स्थानिक न्यायालयाची वाट लांब असते, आणि समोर शासन असेल तर अपिलांची साखळी गृहीतच धरावी. तरीही मालमत्ता विकली जाण्यापूर्वी तातडीचा मनाई हुकूम हवा असेल, किंवा प्रवर्तकानेच पैसा वळवला असेल, तर तिथे गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

या सगळ्या वाटा एकाच ठिकाणी एकत्र आल्या त्या दाभोळला, अमेरिकी एन्रॉन कंपनीच्या वीज प्रकल्पात. १९९३ चा वीज खरेदी करार राज्य शासनाने १९९५ मध्ये रद्द केला, कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली, शासन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनी प्रकल्प पुन्हा मार्गी लागला. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, पण २००१ मध्ये देयके थकली, वीज विकत घेणाऱ्या राज्य वीज मंडळाने करार संपवला आणि वर्षअखेरीस एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. वाद राज्य वीज नियामक आयोगापुढे चालावा की लंडनमध्ये, यावरच न्यायालयीन झुंज झाली. प्रकल्पातील भागीदार जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांनी मॉरिशसमधील कंपन्यांमार्फत भारत–मॉरिशस गुंतवणूक संरक्षण करारान्वयेही दावे लावले. अमेरिकी शासकीय विमासंस्थेने राजकीय जोखमीची भरपाई दिली. आणि शेवट झाला तो २००५ च्या तडजोडीने. दीर्घ लढाई लढण्याची ताकद दाखवल्यामुळेच ही तडजोड शक्य झाली असे मी मानतो, म्हणून केवळ विनवणीच्या पत्रांवर वर्षे घालवणाऱ्याला मी तडजोडीची वाट सुचवणार नाही.

दावा दाखल करण्यापूर्वी तारखा काटेकोरपणे तपासाव्यात. भारताने २०१६ नंतर आपले बहुतेक जुने गुंतवणूक करार संपुष्टात आणले. त्या आधीच्या गुंतवणुकीला जुन्या करारातील उत्तरकलमामुळे, म्हणजे करार संपल्यानंतरही लागू राहणाऱ्या कलमामुळे, ठरावीक वर्षे संरक्षण मिळते, तर नव्या करारांसाठीच्या भारताच्या २०१६ च्या आदर्श मसुद्यानुसार लवादाआधी किमान पाच वर्षे देशांतर्गत उपाय अजमावावे लागतात. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ आणि २०२१ च्या निकालांनी सदस्य देशांमधील असे लवाद अमान्य ठरवल्यामुळे, युरोपातील गुंतवणूकदाराने युरोपीय शासनाविरुद्धचा निवाडा संघाबाहेर वसूल करण्याची तयारी आधीच ठेवावी.