भिलवडीजवळ मळ्यातला मुक्काम: जेवण एक नंबर, दर मात्र फारच कमी

आधी दर सांगतो, कारण फोन करून लोक पहिलं तेच विचारतात. माणशी चौदाशे रुपये, दहा वर्षांखालच्या पोरांना निम्मे. त्यात रात्रीचा मुक्काम, दोन वेळचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि मागाल तितका चहा. माझ्या मते हा दर किमान तीनशेनं वाढवायला पाहिजे. गिऱ्हाईक असून असं म्हणतोय, कारण माझी अख्खी नोकरी विकास सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेत, सचिव म्हणून गेली. लोकांचे सातबारे बघायचे, पीककर्ज वाटायचं, 31 मार्चच्या आत नवं-जुनं (जुनं कर्ज भरून नवं काढणं) करून घ्यायचं. आता मिरजेत निवांत असतो, पण मळा दिसला की पिकाच्या आधी हिशेब दिसतो. सवय जात नाही.

मुलगा-सून हिंजवडीला. नातवाला शेत दाखवायचं म्हणून सुनेनंच हे ठिकाण मोबाईलवर शोधलं. शनिवारी दुपारी पोचलो, रविवारी जेवून निघालो. भावाभावांत वाटणी होऊन मालकांच्या वाट्याला अडीच एकर आलेली. दीड एकर ऊस, अर्धा-पाऊण एकर हळद, उरलेल्यात खपली गहू, वांगी, घर आणि दोन म्हशींचा गोठा. जमीन कृष्णाकाठची, काळीभोर. खोल्या चारच. जुन्या वस्तीच्या पडवीला भिंती घालून केलेल्या, वर कौलं. 2019 च्या महापुरात या पडवीत पाणी होतं, म्हणून फर्निचर सगळं लोखंडी. लाकडी पलंग का नाहीत असं कुणी विचारलं तर उत्तर हे आहे.

रेन डान्स नाही, पोहायचा टँक नाही, भाड्याच्या बैलांची गाडी नाही. अशी ठिकाणं आपल्याकडं आता बरीच झालीत. शेतात हॉटेल बांधायचं, दारात चार कोंबड्या सोडायच्या आणि कृषी पर्यटन म्हणायचं. इथं उलट आहे. आम्ही गेलो त्या दिवशी हळद शिजत होती आणि आमच्यासाठी कुणीही काम थांबवलं नाही. मला ते फार आवडलं.

हळदीचा कुकर भाड्यानं आणलेला. मधे पाण्याची टाकी, खाली लाकडं-चिपाडांचा जाळ, बाजूच्या पिंपांत हळद आणि त्यात सोडलेली वाफ. पिंप उघडलं की तो उग्र वास नाकातनं थेट डोक्यात जातो, कपड्यांतनं दोन धुण्यांनी गेला नाही. बाजूला बायका गड्ड्यापासून कांड्या मोडत बसलेल्या, कोपरापर्यंत हात पिवळे. मालकांनी नातवाच्या हातात एक काडी दिली आणि म्हणाले, "टोचून बघ, आरपार गेली तर शिजली." त्यानं निम्मं पिंप टोचून काढलं. पुढं ती दहा-पंधरा दिवस उन्हात वाळणार, मग पॉलिश. पाच पोती ओली हळद घातली तर एक पोतं वाळलेली निघते. हे सून मोबाईलमध्ये लिहून घेत होती; घरी दोनशे ग्रॅमचं पाकीट आणताना हे कुणाच्या डोक्यात येतं?

जेवणाबद्दल काय लिहू. कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, वर कच्चा कांदा आणि घट्ट दही. ज्वारीची भाकरी तव्यावरनं ताटात. मिरचीचा खर्डा, शेंगदाण्याची चटणी, ताक. रविवारी दुपारी खपलीची खीर. ती करायला किती वेळ जातो हे मी मुद्दाम बघितलं. शनिवारी संध्याकाळीच खपली ओलवून उखळात सडत (कांडून सालं काढत) होत्या. सालं पाखडून रात्री भिजत घातली. पहाटे चुलीवर चढवली आणि दहा वाजेपर्यंत मंद जाळावर ती शिजत होती. मग गूळ, खोबऱ्याचे काप, खसखस, सुंठ, वेलदोडा. हलवायला एक माणूस कायम चुलीपाशी. म्हणजे मालकांच्या घरातल्या वहिनी किंवा आजी. तिसरं कोणी नाही.

आणि इथंच माझा दराचा मुद्दा येतो. उसाचा हिशेब आधी करू. आडसाली, म्हणजे पावसाळ्यातली लागण केली की ऊस तुटायला सोळा-अठरा महिने. 2025-26 च्या हंगामाला एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) टनाला 3550 रुपये, तीही 10.25 टक्के साखर उताऱ्याला, आणि त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. दीड एकरात साठ-पासष्ट टन धरा. खत, पाणीपट्टी, मशागत, ऊसतोड टोळीची खुशाली (वरून द्यावे लागणारे पैसे) काढून दीड वर्षाला जे राहतं त्यावर पाच माणसांचं घर चालत नाही. कायद्यानं बिल 14 दिवसांत जमा व्हायला पाहिजे. कारखान्याचं नाव घेत नाही, पण मालकांचं मागच्या खेपेचं बिल तुकड्यातुकड्यानं आलं. ते म्हणाले, "काका, उसाचं बिल सोसायटीत जातंय, दुधाचं पोरांच्या फीला. पावण्यांचं तेवढं घरात ऱ्हातंय." मी त्यांना विचारलं, वहिनींची आणि आजीची मजुरी या चौदाशेत कुठं धरलीय? ते नुसते हसले. धरलेली नाहीच. बाहेरनं दोन बायका कामाला लावल्या तर चौदाशे पुरणारच नाहीत.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं. त्यात लहान शेतकऱ्यालाही नोंदणी करता येते. ओसरीवर पर्यटन संचालनालयाचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय, त्यावर नाव मालकांचं. सातबाऱ्यावरही त्यांचंच. लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचं नाव सातबाऱ्याला लावता येतं, तलाठ्याकडं अर्ज द्या, असं मी सांगून आलोय. वहिनी आतनं ऐकत होत्या, एवढं लक्षात आलं.

शेजारच्या दोन खोल्यांत एक ग्रुप होता. निघताना त्यांनी घासाघीस सुरू केली, आम्ही नाश्ता केला नाही म्हणून माणशी शंभर कमी करा. उठले नऊला, पोहे गार झाले, दोष कुणाचा? मॉलमध्ये पाण्याच्या बाटलीला छापील किंमत मुकाट्यानं देणारी हीच माणसं. मालकांनी कमी केले. करायला नको होते.

खरा पैसा मला ओट्यावर दिसला. जाताना प्रत्येकजण हळद पावडर, सडलेली खपली, गूळ घेऊन जातो. सांगलीच्या सौद्यात (लिलावात) हळदीचा भाव जो निघेल तो निघेल, शेतकऱ्याच्या हातात काही नाही. इथं पावडरीचा भाव मालक ठरवतात, किलोला 320. निम्मी हळद अशी ओट्यावरनं खपली तर खोल्यांपेक्षा हीच बाजू घर सावरील. मात्र पाकिटांवर नाव, वजन, तारीख काहीच नाही. साध्या पिशवीला गाठ. सुनेनं तिथल्या तिथं लेबलाचा नमुना करून त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवला, आता छापून घ्यायचं काम त्यांचं.

उणिवाही आहेत. सोलरचं पाणी सकाळी सहाला कोमट, साडेआठनंतर कडक. पहाटे आंघोळ करणाऱ्यांनी बंबाचं पाणी मागून घ्यावं, देतात. डास भरपूर, मच्छरदाणी एकाच खोलीत आहे, बाकी कॉइलवर भागवायचं. संडास स्वच्छ, पण एक खोलीपासून लांब, रात्री बॅटरी लागते. शेतातल्या मोटरीला थ्री फेज विजेची पाळी रात्रीची असली की मालक मधेच उठून पाणी पाजायला जातात, कुत्री भुंकतात, झोप मोडते. माझी तक्रार नाही, सुनेची आहे.

जवळ औदुंबरला दत्ताचं दर्शन होतं, सागरेश्वरला हरणं दिसतात. आम्ही औदुंबर केलं, सागरेश्वर राहिलं.

जायचं असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये जा, तेव्हा हळद असते. जुलै-ऑगस्टमध्ये नदी फुगली की बुकिंग घेत नाहीत, ॲडव्हान्स परत करतात. सांगलीहून नांद्रे, वसगडे, भिलवडी असा रस्ता आहे, पण अंधार पडायच्या आत पोचा. हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या रस्ताभर असतात, मागं रिफ्लेक्टर नाही की दिवा नाही, आणि ट्रॅक्टरवर गाणी एवढी मोठ्यानं की हॉर्न ऐकू जात नाही. फोन दुपारी दोन ते चारमध्ये करा. इतर वेळी वहिनींचे हात कामात असतात. आणि खीर पाहिजे असेल तर आदल्या दिवशी सांगा.